उकिडवे सरांची दंतसुधा

"सर, दंतसुधा भरायच्या आधी तुम्ही खाली लेप लावला होता का?"

उकिडवे सरांनी चहाचा कप बशीत ठेवला आणि माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्यांना आंघोळ केली का असं विचारलंय.

"खैरमोडे, खोल खड्डा दिसला की आधी लेप. तिसऱ्या वर्षाला शिकवलंय ना हे मी? लेपाशिवाय सिमेंट थापायला मी काय बसस्टँडवर चादर टाकून बसलोय?"

"पण सर, आपल्या प्रयोगात लेप लावायचा नव्हता."

"कोण म्हणालं?"

"तुम्हीच. प्रयोगाच्या आराखड्यातच आहे तसं."

"असेल. पण हाताला सवय असते. जन्म गेला माझा यात. मी बोलत असतो, हात त्याचं काम करत असतो." एवढं बोलून त्यांनी बिस्किट चहात बुडवलं आणि ते तुटून खाली बसलं, तेव्हा चमच्यानं ते वर काढण्यात त्यांचं सगळं लक्ष गेलं.

मी टेबलावर फोटो मांडून ठेवले होते. मधोमध कापलेल्या दाढांचे. तोंडी परीक्षेत दाखवायला म्हणून मी ते मोठे करून आणले होते. दंतसुधा भरलेल्या प्रत्येक दाढेत सिमेंटच्या खाली एक बारीक पांढरी रेघ दिसत होती. तुलनेसाठी घेतलेल्या दुसऱ्या सिमेंटच्या दाढांत ती नव्हती, कारण त्या मी भरल्या होत्या, आराखड्यात लिहिल्याप्रमाणे. दंतसुधेच्या दाढांना मात्र सरांनी मला हात लावू दिला नव्हता. 'तुम्हा पोरींचे हात अजून कच्चे' म्हणून त्या त्यांनी स्वतः भरल्या होत्या.

हा लेप म्हणजे कॅल्शियमची पांढरी पेस्ट. खोल किडलेल्या दाढेत नसेजवळ थोडीशी लावायची आणि मग वर चांदी किंवा सिमेंट भरायचं, ही आमच्या धंद्यातली जुनी रीत. इतकी जुनी, की लावला की नाही हे भल्याभल्या दंतवैद्यांना आठवत नाही. फोडणीत हळद टाकली का, हे जसं बाईला विचारून उपयोग नसतो, तसंच.

एरवी त्यात काही बिघडलं नसतं. पण आमचा प्रयोगच मुळी कॅल्शियमचा होता. कीड लागली की दाताच्या आतल्या थरातलं कॅल्शियम निघून जातं आणि तो थर चिजासारखा मऊ पडतो. तो सगळा न कोरता, थोडा तसाच ठेवून वर योग्य सिमेंट भरलं, तर तो परत खनिजं धरतो आणि टणक होतो. कुठलं सिमेंट हे किती करतं, हे आम्ही मोजत होतो. आणि सरांच्या दंतसुधेखालच्या थरात कॅल्शियम असं काही वाढलं होतं, की सरांनी तो आलेख चौकट करून केबिनमध्ये टांगला होता.

"सर, मग हे वाढलेलं कॅल्शियम लेपाचं आहे."

"बरं मग?"

"दंतसुधेचं नाही."

"दातात आलं की नाही?"

"आलं."

"मग ते कुठल्या गावचं, कुणाच्या घरचं, ही चौकशी करायला तू पोलीस पाटील आहेस का? तुझा प्रबंध विद्यापीठात गेलाय. फोटो सुंदर आलेत. जा, परीक्षेचा अभ्यास कर."

डॉक्टर सुधाकर उकिडवे हे साखर कारखान्याच्या आवारात उभ्या राहिलेल्या आमच्या डेंटल कॉलेजचे विभागप्रमुख. दंतसुधा हे नाव त्यांनी स्वतःच्या नावावरूनच ठेवलं होतं, आणि ते ठेवताना आपल्याला संकोच वाटला होता असं ते प्रत्येकाला सांगत. कोकणातल्या शिंपल्यांची भुकटी आणि एक आंबट द्रव यांचा तो काला होता. रंग ओल्या राखेचा, वास गोठ्याचा. माणूस वाईट नव्हता. वाईट असायला थोडी अक्कल लागते. परदेशी सिमेंटची नावं निघाली की ते नाकानं कांदे सोलायचे, आणि आपल्या त्या राखेकडे पाहताना त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं.

हे एवढ्यावर राहिलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. विद्यापीठांच्या कपाटांत असले प्रबंध गाडीभर पडलेत, त्यांनी कुणाचं वाकडं झालेलं नाही. पण संस्थेचे अध्यक्ष आप्पासाहेब या सिमेंटवर खूष झाले होते. संस्थेची एक निवासी शाळा होती, डोंगराकडच्या वाड्यावस्त्यांवरची पोरं तिथं राहून शिकायची. त्या सगळ्या पोरांच्या किडलेल्या दाढांत दंतसुधा भरायची, असं ठरलं होतं. आणि भरणार कोण, तर शाळेतले गुरुजी. कोरायचं नाही, मशीन नाही, लेप नाही, डॉक्टर नाही. कालवायचं आणि दाबायचं.

"गुरुजी जनगणना करतात, निवडणूक करतात, खिचडी शिजवतात," आप्पासाहेब बैठकीत म्हणाले होते, "मग दाढ भरायला त्यांना काय धाड भरलीय?"

सगळे हसले होते. उकिडवे सर तर उभे राहून हसले होते.

सहा-सात वर्षांच्या पोराला जी पहिली मोठी दाढ येते, ती कायमची असते. आईबापांना वाटतं दुधाचीच आहे, पडेल आणि दुसरी येईल. दुसरी येत नाही. ती गेली की ते पोर म्हातारं होईपर्यंत एका बाजूनं खातं. शाळेत भरायच्या होत्या त्या बहुतेक याच दाढा होत्या.

मी प्रयोग पुन्हा केला. विभागात काढलेल्या दाढा मिळवल्या, दंतसुधा स्वतः कालवली आणि लेपाशिवाय भरली, शाळेत गुरुजी भरणार होते तशी. माझ्याबरोबर शिकणारा रफिक मुल्ला दाढा कापायला मदतीला होता. शहरातल्या प्रयोगशाळेतून आकडे आले, तेव्हा तो ते दोनदा वाचून म्हणाला, "आयला, हे तर उलटं हाय की गं."

उलटंच होतं. सिमेंटातल्या त्या आंबट द्रवानं दातातलं उरलंसुरलं कॅल्शियमही ओढून घेतलं होतं. मऊ थर आणखी मऊ झाला होता. रफिकनं सुई टोचली तर ती पिकल्या पेरूत शिरावी तशी आत गेली. म्हणजे वर राखेचं झाकण आणि खाली कीड मजेत.

मी आकडे सरांपुढे ठेवले. त्यांनी चष्मा लावला, काढला आणि विचारलं, "तू भरलीस या दाढा?"

"हो सर."

"तेच म्हटलं. हात कच्चा."

"निदान गुरुजींना लेप लावायला तरी सांगा, सर."

"आप्पासाहेबांना 'एका डबीत सगळं' असं सांगून बसलोय मी. आता दुसरी डबी कुठून काढू? आणि एक सांगतो. दाढा काढून बाटलीत ठेवलेल्या वेगळ्या, जिवंत पोराच्या तोंडातल्या वेगळ्या. लाळेत फार ताकद असते."

जो माणूस बाटलीतल्या दाढांचा आलेख चौकट करून भिंतीवर लावतो, तोच हे म्हणत होता. मी मूग गिळून बाहेर आले. तिथं थांबले असते तर माझ्या तोंडातून जे बाहेर पडलं असतं, ते साताऱ्याकडच्या बायका नळावर भांडतानाच बोलतात.

मी आप्पासाहेबांनाही भेटले. त्यांनी मला चहा दिला, 'मुलींनी शिकलं पाहिजे' म्हणाले, आणि उकिडव्यांना फोन करून माझी चौकशी केली. फोन ठेवल्यावर ते म्हणाले, "परीक्षेचा ताण असतो पोरींना. घरी जाऊन या चार दिवस."

रफिक कँटीनमध्ये वडापाव खात होता. त्याला सगळं सांगितलं.

"गप बस की बाई," तो म्हणाला. "पास हो, डिग्री घे, मग वेशीवर उभी ऱ्हा आणि काय बोंबलायचं ते बोंबल."

"तोवर पोरांच्या दाढा भरून होतील."

"ते हाय खरं. संस्थेच्या समितीनं अटच तशी घातलीय. विद्यापीठानं तुझा प्रबंध मान्य केला, की लगेच येत्या सोमवारी शाळेत सुरुवात. गुरुजींना हातमोजेसुद्धा वाटून झालेत."

"आणि मान्य नाही केला तर?"

"न करायला काय झालं? प्रबंध परत कधी येतो, तर पोरगं तोंडी परीक्षेत पार आडवं झालं तर. मग तो पहिल्यापासून तपासतात. पण तू कशी आडवी होशील?" त्यानं मिरचीचा तुकडा मोडला. "तुला नापास व्हायला जमणारच नाही. वर्गात पहिली येण्याची खोड हाय तुला."

परीक्षेला नागपूरकडचे डॉक्टर देवतळे आले होते. आदल्या दिवसापासून त्यांची बडदास्त चालली होती. कारखान्याचं अतिथीगृह, तांबडा-पांढरा रस्सा, शाल, श्रीफळ आणि काकवीचा डबा. दुपारी माझी पाळी आली तेव्हा ते खुर्चीत सैल होऊन बसले होते आणि गालात सुपारी होती. दातांचा परीक्षक, आणि दात लाल. आमच्या धंद्यात याचं कुणाला काही वाटत नाही. शेजारी अंतर्गत परीक्षक म्हणून उकिडवे सर, नवा सदरा घालून.

"ये पोरी, बस," देवतळे म्हणाले. "उकिडवेसाहेबांनी लई तारीफ केली तुझी. प्रबंध चांगला आहे. कॅल्शियम भारीच वाढलं ना बाप्पा."

मी ठरवून आले होते. म्हणाले, "सर, ते कॅल्शियम दंतसुधेमुळे वाढलेलं नाही. दंतसुधेच्या दाढांना खाली लेप लावलेला होता, बाकीच्यांना नव्हता. लेप न लावता मी पुन्हा प्रयोग केला. त्यात कॅल्शियम घटलं. माझ्या प्रबंधाचा निष्कर्ष चुकीचा आहे."

उकिडवे सरांनी घाईनं पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला.

"घाबरलीय," ते देवतळ्यांना म्हणाले. "हुशार पोरींचं असंच होतं. पाणी पी, खैरमोडे."

"मी घाबरलेली नाही, सर."

"होते असं," देवतळे मायेनं म्हणाले. "माझी एक विद्यार्थिनी तर इथंच बेशुद्ध पडली होती. अन् लेप तर लावाच लागते ना. आम्हीबी लावतो. त्यात काय चुकलं?"

"मोजायचंच कॅल्शियम होतं, सर. आणि लेपही कॅल्शियमचाच."

"हो, हो," देवतळ्यांनी सुपारी या गालातून त्या गालात घेतली. त्यांनी ऐकलं की नाही, मला कळलं नाही. "आता दोन सोपे प्रश्न विचारतो अन् तुला मोकळी करतो. मले सहाची गाडी आहे."

आणि ते गुणांच्या कागदाकडे वळले. मला दिसत होतं की ते मला पास करणार. मी सत्य सांगितलं होतं आणि त्या दोघांनी ते पाण्याच्या ग्लासाबरोबर बाजूला सरकवलं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं मी या असल्या माणसांसमोर उभी राहून 'हो सर, नाही सर' करत शिकले होते, याचीच मला शिसारी आली. सोमवारी ते गुरुजी हातमोजे घालून रांगेतल्या पहिल्या पोराला 'आ कर' म्हणणार होते.

"वरच्या पहिल्या दाढेला मुळं किती?" देवतळ्यांनी मान वर न करता विचारलं.

"एक," मी म्हणाले.

त्यांनी मान वर केली. "किती?"

"एक, सर."

उकिडवे सर हसले. घशातून निघालेलं कोरडं हसू. त्यांनी टेबलाखालून मला तीन बोटं दाखवली.

"बरं, दुसरा घे," देवतळे म्हणाले. "लहान लेकराले दुधाचे दात किती असतात?"

"बत्तीस."

"खैरमोडे," उकिडवे सर म्हणाले, "नीट विचार कर. वीस... वीस मिनिटं घे हवी तर." त्यांना वाटलं आपण फार चलाखी केली.

"विचार केला, सर. बत्तीस."

"दाताचं सगळ्यात टणक आवरण कोणतं?"

"हिरडी."

"चांदी भरतो तेव्हा तिच्यात कोणता पातळ धातू कालवतो आपण?"

"तांबं."

उकिडवे सरांच्या नव्या सदऱ्यावर बगलेत घामाचे डाग पडले. ते ओठांनी 'पारा, पारा' करत होते. एवढा मोठा विभागप्रमुख, आणि शाळेतल्या पोरासारखा कॉपी पुरवत होता. खरं सांगते, मला त्या वेळी मजा वाटली. जन्मभर बरोबर उत्तरं देऊन जी मिळाली नव्हती ती.

देवतळ्यांनी मात्र पेन खाली ठेवलं होतं. सुपारी थांबली होती. ते माझ्याकडे पाहत होते, मग उकिडव्यांकडे, मग टेबलावर पडलेल्या कापलेल्या दाढांच्या फोटोंकडे. त्यांनी एक फोटो उचलला, डोळ्यांजवळ नेला आणि नखानं त्या पांढऱ्या रेघेवरून हळूच रेघ ओढली.

"हे सिमेंट कुठं भरणार आहात म्हणाले तुम्ही, उकिडवेसाहेब? जेवताना सांगत होते ना?"

"संस्थेच्या शाळेत, सर. सोमवारपासून. गुरुजीच भरतील. लेपबिप काही कटकट नाही, अगदी सुटसुटीत."

"लेप नाही?"

"नाही ना. तीच तर त्यातली गंमत आहे, सर."

"हं," देवतळे म्हणाले. ते माझ्याकडे वळले. "पोरी, तू मले फसवून राहिली काय?"

मी टेबलावरचे बाकीचे फोटो त्यांच्याकडे सरकवले.

"ठीक आहे. शेवटचा प्रश्न. समज, तुझ्या घरची एखादी सात वर्षांची पोरगी आहे. भाची म्हण, पुतणी म्हण. तिची पहिली दाढ किडली. तर तिच्या दाढेत तू ही दंतसुधा भरशील?"

चुकीचीच उत्तरं द्यायची असं मी ठरवलं होतं, आणि इथं चुकीचं उत्तर 'हो' होतं. एक अक्षर. ते म्हटलं असतं तर माझं नापास होणं पक्कं झालं असतं. उकिडवे सरही आशेनं माझ्याकडे पाहत होते. मी तोंड उघडलं, पण ते अक्षर काही केल्या बाहेर येईना.

"नाही," मी म्हणाले.

"काऊन?"

"तिची दाढ जाईल, सर. आणि ती दाढ परत येत नाही."

उकिडवे सर ताडकन उठले. "खैरमोडे! माझ्या तोंडावर..."

"बसा साहेब," देवतळे म्हणाले. त्यांनी पेन उचललं, कागदावर काहीतरी लिहिलं, खाली सही केली आणि कागद उकिडव्यांच्या पुढे सरकवला. "करा सही. नापास."

"नापास? अहो सर, ती विद्यापीठात पहिली आलेली मुलगी आहे!"

"असंन. पण दुधाचे दात बत्तीस म्हणते. अशा पोरीचं संशोधन विद्यापीठानं मान्य केलं, तर लोक आपल्याले शेण घालतील तोंडात. प्रबंध परत. पहिल्यापासून तपासू, सगळे आकडे पाहू. लेपवाले अन् बिनलेपवाले, दोन्ही." मग मला म्हणाले, "सहा महिन्यांनी ये. मीच येतो परीक्षेले. अन् अभ्यास नको करू उगाच. तुले येते सगळं."

त्या माणसाला मी दुपारभर मनातल्या मनात लाल तोंडाचा बैल म्हणत होते. एवढ्या प्रश्नांत मी एकच उत्तर बरोबर दिलं, आणि त्यानं नेमकं त्याच उत्तरावर मला नापास केलं. मी उभी राहिले आणि वाकून नमस्कार केला. असा नमस्कार मी त्या कॉलेजात दुसऱ्या कुणालाही केला नाही.

सोमवारी शाळेत कुणाच्या दाढा भरल्या गेल्या नाहीत. सहा महिन्यांनी दोन्ही प्रयोगांचे आकडे देवतळ्यांपुढे आले, आणि समितीनं दंतसुधेचं नाव टाकलं. आप्पासाहेबांनी त्या भुकटीची उरलेली पोती कुठं घालवली ते मी विचारलं नाही, पण अतिथीगृहाच्या न्हाणीघरातल्या फरश्या त्या सुमारास नव्यानं बसवल्या होत्या आणि त्या टिकल्या नाहीत, असं रफिक सांगायचा.

त्या दिवशी मी परीक्षेच्या खोलीतून बाहेर आले, तेव्हा उकिडवे सर माझ्या मागोमाग व्हरांड्यात आले. मला वाटलं, आता हा माणूस ओरडेल. निदान आपलं काय गेलं हे तरी त्याला कळलं असेल. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"रडू नकोस," ते मला म्हणाले. मी रडत नव्हते. "असं होतं परीक्षेत. पुढच्या वेळेस शांत राहा. आणि हे आजच पाठ करून टाक, खैरमोडे. वरच्या पहिल्या दाढेला मुळं तीन असतात."